बोलायला शिकवण्याचा परवाना

मेहरुन्निसा बेगम, आमच्या मेहरबाई, यांचं नाव आधी लिहितो. त्या नसत्या तर मी शिकलो नसतो, आणि कसाबसा शिकलो असतो तरी एखाद्या कचेरीत आवक-जावक सांभाळत निवृत्त झालो असतो.

सेलूजवळच्या आमच्या गावातल्या शाळेत त्या मराठी शिकवायच्या. घरी उर्दू, शाळेत मराठी, आणि दोन्ही भाषांत सारख्याच कडक. धडा वाचायला त्या मला उभं करायच्या. मी गावाबाहेरच्या बौद्ध वस्तीतला. काही पालकांना ते रुचलं नाही. ते शाळेत आले तेव्हा बाई म्हणाल्या, "त्याचा आवाज सगळ्यांत साफ आहे. तुमच्या पोराचा झाला की त्यालाही उभं करीन." एवढं बोलून त्या वर्गात परत आल्या आणि मला पुढची ओळ वाचायला सांगितली.

पुढे मी परभणीला कॉलेजात गेलो. बाईंचीही परभणीला बदली झाली होती. विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला आणि त्या पावसाळ्यात राग आमच्यासारख्यांच्या वस्त्यांवर निघाला. गावातल्या आमच्या घराला छप्पर राहिलं नाही. आई आणि दोन बहिणींना कुठे ठेवावं हे कळेना, म्हणून मी बाईंच्या दारात गेलो. कसं विचारावं याची जुळवाजुळव करत होतो. बाई म्हणाल्या, "बेटा, आधी आईला घेऊन ये. बोलणं नंतर." माझी माणसं पुढे कितीतरी महिने त्यांच्या मागच्या खोलीत राहिली. बाईंची अम्मी आणि माझी आई एकाच चुलीवर भाकरी थापायच्या, आणि कोणाची भाकरी जास्त फुगते यावरून रोज वाद घालायच्या.

मी बी.एस्सी. झालो. आमच्या घराण्यात पदवी मिळवणारा पहिला. आता नोकरी शोधायची, एवढंच मला ठाऊक. पण बाई त्यांच्या बहिऱ्या भाच्याला घेऊन मुंबईच्या एका दवाखान्यात जाऊन आल्या होत्या. तिथे एक तरुण माणूस आरशासमोर बसून मुलांना शब्द काढायला शिकवत होता. परत आल्यावर त्यांनी मला बोलावलं. "असंही काम असतं, सुभाष. पूर्ण जिल्ह्यात करणारं कुणी नाही. तू जा." मी गेलो. त्याच दवाखान्यात वाचाउपचाराची पदविका घेतली आणि परत आलो. बाईंनी घराची रस्त्याकडची खोली मला दिली, आणि काही वर्षांनी निवृत्त होऊन लेकीकडे, नसीमताईंकडे, हैदराबादला गेल्या. ती खोली आणि मागची खोली, दोन्ही माझ्याकडेच राहिल्या.

आता हे काम काय असतं ते थोडक्यात सांगतो. मूल वय होऊनही बोलत नाही, कोणी अडखळत बोलतो, कोणाचा आवाज ओरडून ओरडून गेलाय, लकव्यानंतर कोणाला शब्द सापडत नाहीत, कोणाला ऐकूच येत नाही म्हणून बोलता येत नाही. अशा माणसांबरोबर बसायचं आणि जमेल तेवढं बोलणं परत मिळवायचं. आमच्याकडे औषध नसतं, सुई नसते. एक आरसा, चित्रांचे पत्ते, कान तपासायचं यंत्र आणि चिकाटी. लोक मला जिभेचा डॉक्टर म्हणायचे. मी डॉक्टर नाही असं मी सांगायचो. "बरं डॉक्टरसाब," असं ते म्हणायचे.

त्या काळी या कामाला परवाना लागत नसे. कोणीही पाटी लावावी. जत्रेत एक जण लाकडाची हातभर जीभ घेऊन बसायचा आणि अडखळणाऱ्यांना मुळी विकायचा. जिभेखालचा पडदा ब्लेडनं कापून देणारे होते. वेखंड उगाळून जिभेवर घासणं तर घरोघरी. कापलेल्या जिभांची पोरं नंतर माझ्याकडे यायची तेव्हा माझ्या जिवाची तडफड व्हायची. शिकलेल्या माणसालाच हे काम करता यावं असा कायदा हवा, म्हणून मी मुंबईला आणि दिल्लीला निवेदनंही पाठवली होती.

मग तसा कायदा खरोखर झाला. आणि त्याच्या पहिल्याच फेऱ्यात मी स्वतः सापडलो.

कायदा सरळ होता. मान्यताप्राप्त अभ्यासक्रम केलेल्यांनी दिल्लीला नावनोंदणी करायची. नोंदणी नसेल त्यानं काम करायचं नाही. केलं तर गुन्हा. मी अर्ज पाठवला. उत्तर आलं की माझा अभ्यासक्रम यादीत नाही. मुंबईच्या त्या दवाखान्यानं तो थोडी वर्षं चालवून बंद केला होता, आणि बंद पडलेल्या गोष्टीची यादीत आठवण कोण ठेवणार? मी पुन्हा लिहिलं, पुन्हा लिहिलं. शेवटी कळलं की माझ्यासारख्यांसाठी एक वाट आहे. पुण्याहून एक तज्ज्ञ बाई येतील, मला आणि माझं काम पाहतील. त्यांनी शिफारस केली तर नोंदणी, नाही तर खोलीला कुलूप.

कुलूप लागलं असतं तर माझं काय व्हायचं ते झालं असतं; मी बी.एस्सी. होतो, कुठेतरी चिकटलो असतो. पण आठवड्याच्या आठवड्याला येणारी माणसं कुठे गेली असती? औरंगाबाद? मुंबई? मजुरी बुडवून पाथरीहून परभणीला येणंच ज्यांना जड, ती माणसं गेलीच नसती.

सेलूच्या नागोरावांना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "लायसन गाडीला लागतंय, बंदुकीला लागतंय. बोलायला कायचं लायसन?"

"बोलायला नाही नागोराव. बोलायला शिकवायला."

"मंग त्या बाईला आमी सांगतो की. फिकीर करू नका."

मला तेव्हाच फिकीर लागली.

या नागोरावांची ओळख करून देतो, कारण पाहणीच्या दिवशी ते आलेच. सेलूच्या मोंढ्यात ज्वारी-तुरीचे लिलाव ते पुकारायचे. सकाळपासून संध्याकाळपर्यंत धान्याच्या धुळीत उभं राहून ओरडायचं. माझ्याकडे आले तेव्हा घशातून नुसती हवा येत होती. मी त्यांना म्हटलं, कुदळ मारून हाताला घट्टे पडतात ना, तसे तुमच्या आवाजाच्या पडद्यांना पडलेत. पंधरा दिवस एक अक्षर बोलायचं नाही. कुजबुजायचंही नाही.

बरोबर त्यांची बायको कौसल्याबाई होत्या. त्या म्हणाल्या, "पंधरा दिसानं काय व्हतंय? वरीसभर ठिवा की. घरात जरा सुख लागंल."

नागोराव तोंड उघडून उत्तर द्यायला गेले आणि मी ओठांवर बोट ठेवलं. असा लाल झालेला माणूस मी पुन्हा पाहिला नाही.

मोंढ्यात त्यांनी पंधरा दिवस बोटांनी बोली दाखवली आणि एक हमाल त्यांच्या वतीनं ओरडला. नंतर मी त्यांना श्वास पोटातून घ्यायला, घसा न आवळता आवाज लांब टाकायला शिकवलं. सराव आमच्या अंगणात चालायचा. लिंबाच्या झाडाखाली उभं राहून ते अदृश्य तूर विकायचे आणि रस्त्यावरचे लोक थांबून भाव विचारायचे. पुढे ते मला अभिमानानं सांगायचे, "आता सांजच्यापत्तोर पुकारतो, अन् घरी जाऊन भांडायला बी आवाज उरतोय."

दुसरी ओळख पोखर्णीच्या दाजीबा पाटलांची. जमीनजुमला बक्कळ, घरात पंधरा-वीस माणसं, आणि चार वर्षांचा नातू सोपान एक शब्द बोलत नव्हता. कान तपासले, चांगले होते. सगळं कळायचं त्याला. मी त्यांच्या घरी जाऊन नुसता बसून राहिलो आणि लक्षात आलं की पोराला बोलायची गरजच पडत नाही. त्यानं फडताळाकडे मान वळवली की काकू लाडू आणायची. पायाकडे पाहिलं की आत्या चपला घालायची. रडायच्या आधीच कोणीतरी त्याला उचलायचं.

मी नेम घालून दिला. बोट दाखवलं तर द्यायचं नाही. थांबायचं. त्याच्याकडे बघत, हसऱ्या तोंडानं थांबायचं. मधे शब्द पुरवायचा नाही, "लाडू म्हण, लाडू म्हण" असं मागे लागायचं नाही. पण त्यानं तोंडानं काही मागितलं, मोडकंतोडकं का असेना, की ती वस्तू त्याच क्षणी हातात द्यायची.

"म्हंजी नातवाला उपाशी ठिवायचं?" दाजीबांनी विचारलं.

"नाही आबा. वाट बघायची."

"लय अवघड काम सांगायलाव मास्तर तुमी. मारायला सांगा, तेबी जमंल. गप बसायला सांगू नका."

त्या घरात मला चहा यायचा. घरच्यांचे कप पांढरे, निळ्या काठाचे. माझा तांबड्या फुलांचा, एकटाच, ओसरीच्या कोनाड्यात ठेवलेला. ही रीत मला नवी नव्हती. मी चहा प्यायचो, कप विसळून कोनाड्यात ठेवायचो आणि कामाला लागायचो.

तिसऱ्या की चौथ्या खेपेला सोपानची नजर त्या तांबड्या फुलांवर गेली. त्यानं कपाकडे बोट केलं. काकू पुढे झाली. दाजीबांनी हात वर केला. "उगं ऱ्हा. थांबायचं ठरलंय."

सगळं घर थांबलं. सोपाननं पाय आपटले, माझ्याकडे पाहिलं, आजोबांकडे पाहिलं. माझा चहा निवत होता. कोणी हललं नाही. मग पोरानं छाती भरून श्वास घेतला आणि गोळी सुटावी तसं म्हणाला, "कप!"

त्याच्या आईनं पदर तोंडावर घेतला. पण पुढे कोणी सरकेना. कारण कप माझा होता, उष्टा होता, आणि पोर पाटलांचं होतं. सगळ्यांच्या माना दाजीबांकडे वळल्या.

मी म्हणालो, "आबा, मागितलं की लगेच द्यायचं असंही ठरलंय."

दाजीबांनी कपाकडे पाहिलं, नातवाकडे पाहिलं. मग सुनेवर खेकसले, "दे की मंग! काय बगायलीस?"

सोपाननं माझा उरलेला चहा मिटक्या मारत संपवला. पुढच्या खेपेला गेलो तर तो कप त्याच्या हातात होता आणि तो कोणालाच देत नव्हता. म्हणे झोपतानाही उशाशी घेतो. सुनेनं दारातून विचारलं, "मामंजी, त्येंचा कप तर ह्यानं धरलाय. च्या कशात देऊ?"

दाजीबा म्हणाले, "घरातले कप सपले का?"

त्या दिवसापासून मला निळ्या काठाच्या कपात चहा येऊ लागला. सोपान त्या वर्षी इतकं बोलायला लागला की दाजीबांनी मला निरोप पाठवला, "आता थांबवायचं कसं तेबी सांगून जा."

तिसरे लक्ष्मण मास्तर. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक, आणि अडखळायचे. अडखळणारा माणूस फार हुशारीनं बोलतो. 'पाणी' अडणार असं वाटलं की 'तहान लागली' म्हणतो. पण नावाला दुसरा शब्द नसतो. म्हणून लक्ष्मण मास्तर वर्गात हजेरी घेत नसत, डोकी मोजायचे. साहेबांची तपासणी आली की रजा टाकायचे. लग्न ठरवायला गेले तेव्हा मुलीकडच्यांनी नाव विचारलं आणि यांनी खिशातून चिठ्ठी काढून दिली.

या दुखण्यात अडखळण्यापेक्षा अडखळायची भीती मोठी असते. तिच्यावरचा आमचा एक उपाय लोकांना वेडगळ वाटतो: मुद्दाम अडखळायचं. मी त्यांना भाजीबाजारात नेलं आणि म्हटलं, आधी मी अडखळतो, मग तुम्ही. एका मावशीपुढे बसून मी विचारलं, "वां-वां-वांगी क-कशी दिली?" तिनं भाव सांगितला. मग लक्ष्मण मास्तर म्हणाले, "को-को-कोथिंबीर?"

मावशीनं दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं. "दोघं सख्खे भाऊ का रं बाबा?"

लक्ष्मण मास्तरांना हसू फुटलं. हसता हसता तिला म्हणाले, "न-नाही मावशी, गु-गुरुभाऊ." मावशीनं कोथिंबिरीची एक जुडी वर दिली. त्या दिवशी मास्तर मला म्हणाले, मी अडखळलो आणि आभाळ कोसळलं नाही, हे मला आज कळलं. त्यांचं अडखळणं गेलं नाही. पण अडलेल्या शब्दाशी झटापट न करता तो सैल सोडायचा, हलका करून पुढे न्यायचा, हे त्यांना जमायला लागलं. ते हजेरी घ्यायला लागले.

सगळ्याच गोष्टी अशा झाल्या नाहीत. जिंतूरकडची गोदा नावाची बहिरी मुलगी माझ्याकडे आली तेव्हा दहा वर्षांची होती. आईबापांनी तोवर नवस केले होते, मुळ्या उगाळल्या होत्या. कान तपासायचे असतात हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. कानाला यंत्र लावलं, मी दोन वर्षं तिच्याबरोबर बसलो. 'आई' आला, 'पाणी' आला, आणखी थोडे शब्द आले. तीन वर्षांची असताना आली असती तर शाळेत गेली असती. तिची आई मला हात जोडायची तेव्हा मला तिच्याकडे पाहवत नसे. हा कायदा हवा असं मला वाटायचं ते अशा मुलांसाठीच. म्हणून तो माझ्यावरच उलटला तेव्हाही मला त्याचा राग आला नाही. फक्त झोप लागत नव्हती.

पाहणीसाठी केळकर मॅडम आल्या त्या थंडीत, सकाळच्या गाडीनं. दुपारच्या गाडीनं परत जायचं म्हणाल्या. पांढरं सुती पातळ, खांद्यावर शाल, बोलणं मोजकं. त्यांनी आधी माझी परीक्षाच घेतली. यंत्राची जोडणी पाहिली, अमक्या रोग्याला काय कराल, तमक्याला काय करणार नाही, हे बारकाईनं विचारलं. दोन ठिकाणी माझं उत्तर जुनं आहे असं सांगितलं, आणि नवीन काय ते समजावलं. ते मला पटलं. एवढं चांगलं शिकवणारं माणूस मला बऱ्याच वर्षांनी भेटलं होतं. परीक्षा विसरून मी प्रश्न विचारायला लागलो. त्या थांबल्या आणि म्हणाल्या, "आज प्रश्न मी विचारायचे आहेत. आता मला काम दाखवा."

मी दोघातिघांनाच बोलावलं होतं. दार उघडलं तर अंगण भरलेलं. सेलूच्या पॅसेंजरनं नागोराव सगळी वरात घेऊन आले होते. पोखर्णीहून दाजीबांची जीप, तीत सोपान, त्याची आई, काकू, आत्या. मी कधी काळी पाहिलेली पोरं, त्यांचे आईबाप, लिंबाखाली, पायरीवर, भिंतीवर. आणि सगळे एकदम बोलत होते.

"ह्या का त्या बाई?"

"नमस्कार बाई! ह्यो बगा, ह्यो अजिबात बोलत नव्हता!"

"माज्या आवाजाचं ऐका आधी," म्हणत नागोरावांनी पोटातून श्वास घेतला आणि तुरीचा असा लिलाव पुकारला की समोरच्या घरातली माणसं बाहेर आली.

केळकर मॅडमनी शांतपणे सगळं ऐकलं. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "ही सगळी माणसं उत्तम बोलतात. पण ती आधी बोलत नव्हती हे मी कसं मानू? हा मुलगा आपोआपही बोलायला लागला असेल. बरीच मुलं लागतात. मी अहवालात काय लिहू? परभणीची माणसं फार बोलतात, असं?"

त्या रागानं म्हणाल्या नव्हत्या. प्रश्न अगदी बरोबर होता. आमच्या कामाची हीच अडचण. काम नीट झालं की दाखवायला काहीच शिल्लक राहत नाही.

"आमी काय खोटं बोलायलाव का?" दाजीबा पुढे सरकले.

"आबा, त्या बरोबर म्हणतात," मी म्हणालो.

तेवढ्यात पायरीवरून लक्ष्मण मास्तर उठले. शाळा सोडून आले होते. मॅडमसमोर उभे राहिले, हात जोडले. मॅडमनी विचारलं, "आपलं नाव?"

मास्तरांनी तोंड उघडलं आणि ते अडले. पार अडले. 'ल'वर जीभ टाळूला चिकटली, मानेची शीर फुगली, डोळे मिटले. असं अडलेलं मी त्यांना दोन-तीन वर्षांत पाहिलं नव्हतं. तपासणीला आलेल्या साहेबांसमोर उभं राहायचं जे भय त्यांनी आयुष्यभर रजा टाकून चुकवलं, त्याच भयापुढे ते माझ्यासाठी स्वतः होऊन येऊन उभे होते.

माझ्या मनात आलं, संपलं.

नागोरावांनी नाव सांगायला तोंड उघडलं. दाजीबांनी त्यांचं मनगट धरलं. "थांब. सांगतोय तो."

मग अंगण गप्प झालं. ती सगळी बोलघेवडी माणसं एकाएकी थांबली. कोणी नाव पुरवलं नाही. कोणी खाली पाहिलं नाही, कोणी हसलं नाही. काकूनं सोपानला जवळ घेतलं. तोही मास्तरांच्या तोंडाकडे बघत उभा राहिला. सगळेच मास्तरांकडे बघत होते, नेहमीच्या चेहऱ्यानं, जणू गाडी यायचीय आणि ती येणारच आहे. कितीतरी वेळ. रस्त्यावरून एक टांगा गेला, त्याची घंटा ऐकू आली.

मास्तरांनी डोळे उघडले. समोर पाहिलं. शब्दाला ढकलणं सोडलं, श्वास सोडला, जीभ सैल केली आणि हळूच, लांबवत म्हणाले, "ल-क्ष्मण." मग थोडं हसले आणि मुद्दाम म्हणाले, "ल-ल-लक्ष्मण विठोबा शिंदे. मी हजेरी घेतो, मॅडम."

केळकर मॅडमनी त्यांना नमस्कार केला. पण त्या मास्तरांकडे कमी आणि अंगणाकडे जास्त बघत होत्या. दाजीबांना म्हणाल्या, "तुम्ही यांचं नाव का सांगितलं नाही? तुम्हाला माहीत होतं ना?"

"म्हाईत हाय की. पण नाव त्येंचं हाय. आमी कशाला सांगावं?"

"हे कुठे शिकलात?"

दाजीबांनी माझ्याकडे हनुवटी केली. "ह्या मास्तरनं घरात येऊन आमाला गप बसवलं. नातू बोलायला लागला, पर आमची सवय काय जाईना."

आत आल्यावर मॅडम बराच वेळ लिहीत होत्या. मग पेनाला टोपण लावत म्हणाल्या, "अडलेल्या माणसाला शब्द पुरवू नका, हे मी शिकलेल्या आईबापांना सांगून थकले. ते मान डोलावतात आणि दुसऱ्या मिनिटाला पुरवतात. इथे भिंतीवर बसलेल्या लोकांनीसुद्धा पुरवला नाही. मी शिफारस करते. पण तुमची पुस्तकं जुनी आहेत, हेही अहवालात लिहीन."

बाहेर आल्या तेव्हा दाजीबा त्यांना जीपनं स्टेशनवर सोडायला तयार होते. वाटेत सोपाननं त्यांना एवढे प्रश्न विचारले की त्या शाल डोक्यावर घेऊन बसल्या, असं दाजीबा नंतर सांगत होते.

नोंदणीचं प्रमाणपत्र जानेवारीत टपालानं आलं. त्याच आठवड्यात विद्यापीठाचं नामांतर झालं. पाकीट उघडून मी आईला दाखवलं. तिला वाचता येत नव्हतं; तिनं त्यावरच्या शिक्क्यावरून बोट फिरवलं आणि म्हणाली, "बाईला कळवलंस का?" मी तिथेच बसून पत्र लिहिलं. ते असं होतं.

ती. मेहरबाईंच्या सेवेशी,
सा. न. वि. वि.

नोंदणी झाली. खोलीला कुलूप लागणार नाही. आईनं गल्लीत पेढे वाटले, आणि विचारलं तर कशाचे ते नीट सांगता येत नाही तिला, म्हणून "पोराला सरकारनं बोलायची परवानगी दिली" असं सांगत फिरते आहे. आमच्या वस्तीत नामांतराचे दिवे लागलेत. रात्री बहिणी लेकरं घेऊन आल्या होत्या. तुमच्या मागच्या खोलीत सगळी एका रांगेत झोपली, आणि सकाळी त्यांना उठवून मी ही खोली कोणाची ते सांगितलं.

आता दुसरी गोष्ट. नसीमताईंचं पत्र आलं. तुम्हाला ऐकायला कमी येतं, तुम्ही ते कोणाला सांगत नाही, आणि मी दसऱ्याला पाठवलेलं कानाचं यंत्र तुम्ही कपाटात साड्यांखाली ठेवलंय, असं त्या लिहितात. तुम्हाला ते म्हातारपणाचं लक्षण वाटतं. बाई, मी आता कायद्यानं नोंदलेला माणूस आहे आणि हे माझं सांगणं आहे, विनंती नाही. यंत्र उद्या सकाळी कानाला लावायचं. पहिले काही दिवस भांड्यांचा आवाज डोक्यात जाईल, पंख्याची घरघर नकोशी होईल. तरी काढायचं नाही. आधी थोडा वेळ, मग रोज थोडा जास्त. घरात सगळे एकदम बोलत असतील तिथे बसू नका. नातीला जवळ बसवा आणि धडा वाचायला सांगा. तिचा आवाज साफ नसेल तर तुम्ही तिला सोडणार नाही, हे मला माहीत आहे; त्यात तुमचाही सराव होईल.

पुढच्या महिन्यात मी आणि आई येतोय. आईनं तुमच्यासाठी तिळाची चटणी कुटायला घेतली आहे. आम्ही दारावरची घंटा वाजवणार नाही. मी बाहेर उभा राहून तुम्हाला हळू आवाजात एकदाच हाक मारीन. तुम्ही उठून यायचं.

आपला,
सुभाष